दोन दिवसांपासूनचा ताप

पालकहो, इंग्रजीच्या शिक्षिकेकडे आणखी काही जमो न जमो, रजेच्या अर्जांचा गठ्ठा मात्र जमतो. त्यातलं तापाचं वाक्य आता मला न वाचताही दिसतं : 'आय ॲम सफरिंग फ्रॉम फीव्हर सिन्स टू डेज.' मुलं असं लिहितात आणि, राग मानू नका, पण अर्ज आई-बाबांनी लिहिला असेल तरी बहुतेक वेळा हेच असतं.

गेल्या वर्षी पालकसभा संपल्यावर सहावीतल्या एका मुलाची आई थांबली. तिने पिशवीतून वही काढली. 'सिन्स'भोवती माझा लाल गोल होता आणि त्याखाली दुरुस्त केलेलं वाक्य वीस वेळा लिहिलेलं. ते तिने घरी लिहून घेतलं होतं. म्हणाली, "मॅडम, वीसदा लिहिलं, आणि काल निबंधात पुन्हा 'सिन्स थ्री इयर्स'. लक्षच नसतं याचं."

लक्ष होतं. उलट त्याचं मराठी पक्कं होतं म्हणूनच तो चुकला. आपण 'सोमवारपासून ताप आहे' म्हणतो आणि 'दोन दिवसांपासून ताप आहे' असंही म्हणतो. एकच 'पासून' दोन्हीकडे चालतो. इंग्रजीला इथे दोन शब्द लागतात. ताप कधी सुरू झाला ते सांगायचं असेल तर 'सिन्स मंडे', किती दिवस झाले ते सांगायचं असेल तर 'फॉर टू डेज'. शिवाय 'दोन दिवसांपासून ताप येतोय' यातला आपला 'येतोय' सरळ 'ॲम सफरिंग' होऊन कागदावर उतरतो. ताप मागे सुरू झाला आणि अजून उतरलेला नाही, हे दाखवायला इंग्रजी 'हॅव बीन सफरिंग' मागते. एका साध्या मराठी वाक्याने दोन चुका करवल्या. वीस वेळा लिहून त्या मुलाला तापाचं वाक्य पाठ झालं, 'पासून'चा घोळ जागच्या जागी राहिला.

'सिन्स', 'फॉर' ही प्रिपोझिशन्स, आणि 'प्रिपोझिशन' या शब्दातल्या 'प्री'चा अर्थच 'आधी'. आपले विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागून येतात, त्याला चिकटतात. 'शाळा'ची 'शाळे' करून मग 'त' लावायचा. ही जागेची अदलाबदल मुलं लवकर शिकतात. 'स्कूल इन' असं लिहिणारा मुलगा मला क्वचितच भेटला. अडतं ते निवडीपाशी. आपला 'वर' घ्या. पुस्तक टेबलावर असतं, टेबलावर दिवा लोंबतो, चिमणी झाडावर बसते आणि आई माझ्यावर रागावते. इंग्रजीत पुस्तक 'ऑन', अधांतरी दिवा 'ओव्हर', फांद्यापानांत बसलेली चिमणी 'इन द ट्री' आणि रागावलेली आई 'अँग्री विथ मी'. मुलाने 'अँग्री ऑन मी' लिहिलं तर त्यात आळस कुठे आहे? त्याने 'वर'चं प्रामाणिक भाषांतर केलं. तीच गत 'डिस्कस्ड अबाउट'ची. आपण विषयावर चर्चा करतो, इंग्रजी माणूस विषयच 'डिस्कस' करतो, मध्ये कुणाला घेत नाही.

वेळेचंही तसंच. सकाळी, रात्री, सोमवारी : आपल्याला एक दीर्घ 'ई' पुरते. तिकडे 'इन द मॉर्निंग', 'ॲट नाइट', 'ऑन मंडे'. मात्र इथे थोडा नियम हाताशी लागतो. घड्याळातल्या वेळेला 'ॲट', वाराला आणि तारखेला 'ऑन', महिन्याला आणि सालाला 'इन'. हे जरूर पाठ करून घ्या, ते उपयोगी पडतं. पण 'अफ्रेड ऑफ', 'गुड ॲट', 'मॅरीड टू' यांना नियम शोधत बसू नका. त्या जोड्या आहेत, आपल्या 'भाजीभाकरी'सारख्या. वहीत नुसतं 'अफ्रेड' लिहून पुढे 'घाबरलेला' लिहिलं की अर्धाच शब्द शिकवल्यासारखं होतं. 'अफ्रेड ऑफ डॉग्ज' असं सगळं एकत्र लिहू द्या.

आणि इंग्रजीच तेवढी लहरी, असंही मुलांना वाटू देऊ नका. मी वर्गात विचारते, 'तिला हसली' आणि 'तिच्याकडे बघून हसली' यात फरक काय? मुली पटकन सांगतात : पहिल्यात भांडण होतं, दुसऱ्यात मैत्री. मग 'लाफ ॲट' आणि 'स्माइल ॲट' वेगळे का, हे समजवायला मला फार खडू झिजवावा लागत नाही.

नियमांचा धाक मोठ्या माणसांनाही असतो. एक बाबा वहीतलं माझंच वाक्य घेऊन आले, 'हू आर यू टॉकिंग टू?' त्यांना शाळेत शिकवलं होतं की वाक्य प्रिपोझिशनवर संपवायचं नाही. या नियमाची गोष्ट मजेची आहे. कवी जॉन ड्रायडनने १६७२ साली नाटककार बेन जॉन्सनच्या लेखनात असा शेवट दिसला म्हणून नापसंती दाखवली. पुढे १७६२ मध्ये रॉबर्ट लोथच्या व्याकरणाने सांगितलं की बोलण्यात आणि साध्या लिखाणात हे चालतं, भारदस्त लेखनात टाळावं. शाळांनी यातला 'टाळावं' एवढाच शब्द उचलला असावा. इंग्रज माणूस त्याआधीही तसं बोलत होता आणि आजही बोलतो. मी त्या बाबांना म्हटलं, कंपनीच्या पत्रात तुम्ही 'टू हूम' लिहा, पण मुलाला मित्राशी बोलू द्या.

घरी काय करायचं, हे तुम्ही विचारताच. मुलगा लिहीत असताना त्याच्या खांद्यावरून वाकून बघू नका. लिहून झालं की पेन्सिल घ्या, लाल पेन माझ्याकडे राहू दे. एका वेळी एकाच तऱ्हेची चूक धरा. या आठवड्यात 'सिन्स' आणि 'फॉर' बघत असाल तर स्पेलिंगकडे काणाडोळा करा. सगळं एकदम दुरुस्त केलेल्या पानाकडे मूल पुन्हा बघत नाही, मीही बघितलं नसतं. चूक सापडली की बरोबर उत्तर सांगण्याआधी विचारा, "तुला मराठीत काय म्हणायचं होतं?" बहुतेक वेळा चूक का झाली, ते त्या उत्तरातच कळतं.

या प्रश्नाला तुमचं इंग्रजी लागत नाही, तुमचं मराठी लागतं. हे मुद्दाम सांगते, कारण महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तुमच्यापैकी पुष्कळांनी एबीसीडी पाचवीत गिरवली आणि म्हणून मुलाच्या इंग्रजीच्या वहीला हात लावायला तुम्ही कचरता. कचरू नका. 'पासून', 'वर' आणि 'ला' तुम्हाला माझ्याइतकेच येतात.

त्या मुलाचा परवा अर्ज आला, पोटदुखीचा. 'फॉर थ्री डेज' असं स्वच्छ लिहिलंय. 'स्टमक'च्या शेवटी त्याने 'के' काढलाय. आईला निरोप पाठवला, ते पुढच्या आठवड्यात बघू.