ब्रेक लावताना गाडी थरथरते? आधी कारण शोधा, मग सुटे भाग बदला



धाराशिव जिल्ह्यातील कांदा, द्राक्षे व भाजीपाला आता मोठ्या प्रमाणावर पिकअपमधून बाजारात जातो. तुळजापूरहून सोलापूरकडे जाताना भरलेली गाडी बालाघाटच्या डोंगरावरून खाली उतरवावी लागते. अशा वेळी ब्रेकवर पाय ठेवताच स्टिअरिंग थरथरू लागले, तर चालकाचा जीव टांगणीला लागतो. मग घाईने पॅड बदलले जातात आणि काही दिवसांत थरथर पुन्हा सुरू होते. सोयाबीनची पाने पिवळी पडली म्हणून आपण लगेच युरिया टाकत नाही. नत्र कमी आहे, लोह कमी आहे की मुळाशी पाणी साचले आहे, हे आधी पाहतो. गाडीच्या बाबतीतही तोच नियम पाळावा.

थरथर का होते?

बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी चकती, म्हणजे डिस्क फिरते. ब्रेक लावला की दोन बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसेल, तर जाड भाग आला की पकड वाढते व पातळ भाग आला की कमी होते. हीच वाढ-घट स्टिअरिंगला व पॅडलला जाणवते. त्यासाठी ०.०२ मि.मी. इतका फरकही पुरेसा होऊ शकतो.

आपण "डिस्क वाकली" म्हणतो, पण पुष्कळदा ती तापून वाकलेली नसते, तर असमान झिजलेली असते. समजा, पंक्चर काढल्यावर चाकाचे नट पान्याला लांब पाइप लावून कमी-जास्त आवळले, किंवा नवी डिस्क बसवताना हबवरील गंज साफ केला नाही. डिस्क किंचित तिरपी बसते. ब्रेक लावलेला नसतानाही तिचा एक भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला घासतो व झिजतो. थरथर जाणवते ती काही हजार किलोमीटरनंतर. तोपर्यंत पंक्चरची आठवणही राहत नाही, म्हणून खरे कारण सापडत नाही.

दोष कोठे आहे ते ओळखा

१. ब्रेक न लावताही ठराविक वेगाला गाडी थरथरत असेल, तर आधी टायर, रिम व चाकांचे बॅलन्सिंग तपासा.

२. ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल, तर दोष बहुधा पुढच्या चाकात असतो.

३. स्टिअरिंग स्थिर, पण सीट व बॉडी हलत असेल, तर मागचे ड्रम तपासा. ज्या गाडीत हँडब्रेक मागच्या ड्रमवर चालतो, तेथे रिकामी गाडी सपाट, मोकळ्या रस्त्यावर २०-२५ च्या वेगाने चालवा. हँडब्रेकचे बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढा. थरथर आली तर मागचे ड्रम संशयित समजा.

४. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा एकच चाक जास्त तापत असेल, तर कॅलिपर अडकला असण्याची शक्यता असते. तापलेल्या डिस्कला हात लावू नका.

५. एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक दाबल्यावर पॅडल पायाखाली धडधडते. ते त्या यंत्रणेचे नेहमीचे काम आहे, दोष नव्हे.

दुरुस्तीचा क्रम

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. प्रथम बेअरिंग व स्टिअरिंगचे सांधे ढिले नाहीत ना, हे पाहावे. ते ढिले असतील तर नवी डिस्कही टिकणार नाही. मग कॅलिपरच्या पिना सहज सरकतात का, ते तपासावे.

त्यानंतर मेकॅनिककडून डायल गेजने डिस्कची डगमग मोजून घ्यावी. साधारण मर्यादा ०.०५ ते ०.१० मि.मी., म्हणजे फार तर वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकी असते. तरीही गाडीच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम मानावा. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजावी. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. लेथवर घासूनही जाडी त्याहून जास्त उरत असेल तरच डिस्क घासून घ्यावी, नाहीतर दोन्ही बाजूंच्या डिस्क व पॅड एकदम बदलावेत. बसवण्यापूर्वी हबवरील गंज ब्रशने पूर्ण काढावा. ब्रेकची धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

नट एका पाठोपाठ एक न आवळता समोरासमोरचे, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. शेवटचा टप्पा पुस्तिकेतील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने करावा व ५० ते १०० कि.मी. नंतर पुन्हा तपासावे.

घाट उतरताना

मालासह ३ टन वजनाची गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे १० लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला येईल इतकी ऊर्जा मोकळी होते. इंजिनने गाडी रोखली नाही, तर त्यातील बरीचशी उष्णता ब्रेकमध्ये जाते. म्हणून उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. गाडी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून कधीही उतरवू नका. खाली थांबल्यावर तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका, कारण पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटून पुन्हा थरथर सुरू होऊ शकते. तापलेल्या डिस्कवर पाणीही मारू नका.

पॅडल मऊ लागणे, खोल जाणे किंवा ब्रेक ऑईल गळणे ही थरथरीपेक्षा गंभीर लक्षणे आहेत. अशी गाडी माल भरून बाहेर काढू नये. बाजाराचा एक दिवस चुकला तर दुसरा मिळतो. हंगाम सुरू होण्यापूर्वी फवारणीचा पंप तपासतो, तसेच गाडीचे ब्रेकही तपासून घ्यावेत आणि पंक्चर काढल्यावर नट आपल्या डोळ्यांदेखत आवळून घ्यावेत.