हरिश्चंद्रगड : तीन खोऱ्यांचा माथा

सोलापूर जिल्ह्याच्या करमाळा तालुक्यातील जेऊर हे पुणे-सोलापूर लोहमार्गावरील स्थानक. भोवतालचा मुलूख सपाट व पर्जन्यछायेतील असून वर्षाकाठी पाऊस साधारणतः पाचशे मिलिमीटर पडतो. उगम, पाणलोट, जलविभाजक हे शब्द येथील विद्यार्थ्याला बहुधा पाठ्यपुस्तकातच भेटतात. त्याच्या शिवारापर्यंत पोहोचणारे पाणी मात्र सह्याद्रीच्या माथ्यावरून येते. एकीकडे 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा जलाशय, तर दुसरीकडे कुकडीचा डावा कालवा. या दोहोंशी नाते असलेला आणि शालेय सहलीस झेपेल असा डोंगर म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील हरिश्चंद्रगड होय.

गडावर जाण्याच्या वाटा अनेक आहेत. त्यांपैकी पाचनई गावाची वाट सर्वांत सोपी. जेऊरकरांनी रेल्वेने पुणे गाठून पुढे आळेफाटा, ब्राह्मणवाडा व कोतूळ या मार्गाने पाचनईस पोहोचावे. गावातून निघालेली वाट कातळकड्याच्या पोटाशी बिलगून, ओढ्याच्या सोबतीने सुमारे दोन तासांत हरिश्चंद्रेश्वराच्या मंदिराशी येते. तेथून केदारेश्वराची गुहा, तारामती शिखर, कोकणकडा आणि पुन्हा मंदिर असे वर्तुळ पूर्ण करून त्याच वाटेने उतरता येते. पहाटे निघाल्यास एक दिवस पुरतो.

मंदिर सुमारे सोळा मीटर उंचीचे आहे. चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ शके 1234 मध्ये, म्हणजे इ. स. 1312 मध्ये, याच डोंगरावर रचला. मराठीच्या शिक्षकाला येथे वेगळे निमित्त शोधावे लागत नाही.

मंदिराच्या खालच्या अंगास केदारेश्वराची गुहा आहे. आत कमरेइतक्या थंडगार पाण्यात मोठे शिवलिंग असून त्याभोवती चार खांब होते. आज एकच अखंड उभा आहे. चार खांब म्हणजे चार युगे, अशी लोकसमजूत आहे. परंतु अभ्यासकाने खांबांइतकेच लक्ष पाण्याकडे द्यावे. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. काही थर सच्छिद्र व भेगाळ, तर काही घट्ट. वर पडलेला पाऊस भेगांतून उतरतो, घट्ट थराशी अडतो आणि जेथे मार्ग मिळेल तेथे पाझरतो. गुहा व टाकी यांतील पाण्याचे रहस्य ते हेच. करमाळ्याच्या विहिरीतही मुरूम आणि काळा पाषाण यांच्या सांध्यातून झरे फुटतात. खडक तोच, पावसाचे मान तेवढे निराळे. गावची विहीर जानेवारीत आटू का लागते, हे येथे गुहेत उभे राहून समजावणे फळ्यावर समजावण्यापेक्षा सोपे जाते.

गुहेवरून परतून तारामतीची चढण लागते. उंची सुमारे 1,429 मीटर. उतारावर कोरीव लेणी असून एकात गणेशाची भव्य मूर्ती आहे. माथ्यावर नकाशा उघडावा. पाचनईच्या बाजूचे ओढे मुळेस मिळतात. मुळा प्रवरेस, प्रवरा गोदावरीस. ही मुळा पुण्याच्या मुळेहून निराळी, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे, कारण घोटाळा हटकून होतो. पश्चिमेचे पाणी कड्यावरून काळू नदीत, तेथून उल्हास नदीतून अरबी समुद्रास जाते. दक्षिणेस खिरेश्वरच्या अंगाला पिंपळगाव जोगे धरणाचा जलाशय चकाकताना दिसतो. ते पाणी कुकडी, घोड, भीमा असे वाहत उजनीत येते. एकाच माथ्यावरच्या सरी अशा रीतीने तीन दिशांना दुरावतात.

कोकणकडा हा अर्धवर्तुळाकार, आत वळलेला प्रचंड कडा. सूर्य पाठीशी आणि दरीत धुके असेल, तर स्वतःच्या सावलीभोवती गोल इंद्रधनुष्य दिसते; त्यास इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स यांनी एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद केली होती. कड्याच्या टोकाशी मुलांना उभे राहू देऊ नये. पाहावयाचे तर पालथे पडून पाहावे.

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने तारामतीवरील नकाशा अधिक महत्त्वाचा आहे. कुकडीचा डावा कालवा येडगाव धरणातून निघून पारनेर, श्रीगोंदा, कर्जत असे तालुके ओलांडत करमाळ्यात येतो. करमाळा त्याच्या शेपटाला असल्याने आवर्तनाचे पाणी उशिरा व अपुरे पोहोचते, ही येथील जुनी तक्रार आहे. उजनीच्या सुमारे 117 अब्ज घनफूट साठ्यापैकी 63 अब्ज घनफुटांहून अधिक साठा मृत गणला जातो. डोळ्यांपुढे विस्तीर्ण जलाशय असूनही आवर्तन का थांबते, याचे उत्तर या आकड्यात आहे. पाणीवाटपाच्या बैठकीस जाणाऱ्या सदस्याला वरच्या धरणांची साखळी ठाऊक असली, तर कोणत्या धरणातील साठ्याविषयी विचारणा करावयाची, हे त्याला नेमके कळते.

सहलीसाठी दिवाळीनंतरचा काळ योग्य. पावसाळ्यात गुहेपुढचा ओढा फुगून वाट बंद होते. हा परिसर 1986 पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात समाविष्ट असल्याने वन विभागाचे नियम पाळणे बंधनकारक आहे. पाचनईतील माहितगार वाटाड्या सोबत घ्यावा. धुक्यात पठारावरील पायवाटा सारख्याच दिसतात.