कमाल मापाचा मेळ

कुर्डुवाडीहून बार्शी व येडशीमार्गें लातूरकडे जाणारी बार्शी लाईट रेल्वे अडीच फुटी रुळांवरून धांवत असे, हें वडील मंडळींच्या स्मरणांत असेल. 2008 सालीं हा मार्ग रुंदमापी झाला. तत्पूर्वीं कुर्डुवाडीस मोठ्या गाडीचा माल उतरवून लहान डब्यांत भरावा लागे. वेळ जाई आणि हमालीही पडे.

1897 सालीं सुरू झालेल्या या रेल्वेचे योजक एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीं आपल्या मार्गापुरता मेळ मात्र आधींच घातला होता. रूळ वारास 30 पौंडांचा. म्हणून कोणत्याही आंसावर 5 टनांहून अधिक भार नको, असें ठरवून इंजिनें, उतारूंचे डबे व मालाचे डबे त्यांनीं त्याच मर्यादेंत बसविले.

संगणकांच्या जाळ्यांतही माहिती पुडक्यांनीं जाते. साध्या ईथरनेट मार्गावर एका पुडक्यांत 1500 बाइट मावतात. कांहीं ठिकाणीं ही मर्यादा 9000 करतात. परंतु दोन्ही टोकांस 9000 ठेवून मधल्या स्विचच्या एकाच पोर्टवर 1500 राहिले, तर मोठें पुडकें तेथें मुकाट्यानें टाकून दिलें जातें. कुर्डुवाडीस निदान हमाल तरी होते!

‘टनेल’ म्हणजे येथें डोंगरांतील बोगदा नव्हे, तर एक पुडकें दुसऱ्या लिफाफ्यांत घालून पाठविण्याची युक्ति. लिफाफाही जागा घेतो. ‘जीआरई’ पद्धतींत तो 24 बाइटांचा, म्हणून 1500 च्या मार्गावर आंतील पुडक्यास 1476 च उरतात. ‘व्हीएक्सलॅन’मध्यें 50 जातात, तेव्हां आंतील माप 1450 करावें, नाहीं तर खालच्या सर्व पोर्टांचें 1550 करावें.

वाटेवरील राउटर ‘पुडकें मोठें आहे’ असा उलट निरोप धाडूं शकतो. पण कित्येक व्यवस्थापक सुरक्षिततेच्या नांवाखालीं तो निरोपच अडवितात, आणि हें मला मुळींच शहाणपणाचें वाटत नाहीं. मग चार ओळींचें पत्र जातें, परंतु परीक्षेच्या अर्जाचें छायाचित्र चढतां चढत नाहीं; मुदत टळते, आणि विद्यार्थी बिचारा आपल्याच संगणकास दोष देतो.

पडताळा सोपा आहे. ‘तुकडे करूं नये’ अशी खूण करून पिंग पाठवावा. 1500 च्या मार्गावर त्यांत 1472 बाइट मजकूर मावतो. कारण आयपीच्या चौथ्या आवृत्तीचा मथळा 20 व पिंगचा 8 बाइट घेतो. जीआरई टनेलमधून हाच आंकडा 1448 येतो. तो कसा, हें विद्यार्थ्यांनीं पाटीवर मांडून पाहावें.