राजूर घाटात हीटर थंड का पडला?

मोताळ्याहून बुलढाण्याला जायचे म्हणजे राजूर घाट चढावा लागतो. गेल्या जानेवारीत एका संध्याकाळी आईला घेऊन मी तो चढलो, तेव्हा गाडीचा हीटर छान ऊब देत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे उतरताना मात्र त्यातून गार वारा येऊ लागला. आमच्या श्वासातील बाष्प थंड काचेवर जमले आणि ऐन वळणावर रस्ता दिसेनासा झाला! गाडी कडेला घेतली, काच पुसली, खिडक्या थोड्या उघडल्या आणि सावकाश खाली आलो. आई म्हणाली, "काल तर चालू होता ना रे?"

विद्यार्थिमित्रहो, आईच्या प्रश्नातच दोषाचा माग होता.

गाडीचा हीटर स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एकतृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. बाकीची बहुतेक उष्णता धुराबरोबर आणि इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याबरोबर बाहेर पडते. या पाण्याचा एक फाटा हीटरच्या कॉइलमधून जातो व पंखा तिच्यावरून हवा फुंकतो. मिनिटाला ६ लिटर पाणी कॉइलमधून जाऊन १० अंशांनी निवले असे समजा. मिळालेली उष्णता ६००० × ४.२ × १० = २,५२,००० ज्यूल, म्हणजे सेकंदाला ४,२०० ज्यूल. हजार वॅटच्या चार शेगड्याच म्हणा ना!

पण पाणी गरम हवे. बाहेरची हवा १० अंश आणि पाणी ८५ अंश असेल, तर फरक ७५ अंशांचा. पाणी ५० अंशांवर आले की फरक ४० उरतो आणि ऊबही जवळजवळ निम्मी होते.

पाणी गरम राखण्याचे काम थर्मोस्टॅट ही झडप करते. तिच्यात मेण असते. पाणी साधारण ८० ते ९० अंशांवर गेले की मेण वितळून प्रसरण पावते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाते. पाणी निवले की झडप मिटते. ती उघडीच अडकली तर? चढावर इंजिन भरपूर उष्णता देते, म्हणून दोष झाकला जातो. उतारावर इंधन फारसे जळत नाही, रेडिएटर मात्र पाणी निववत राहतो.

मेकॅनिकने सबंध हीटर बदलायला सांगितले. मी आधी तपासणी केली. इंजिन पूर्ण थंड असताना पाण्याची पातळी पाहिली, कारण पाणी कमी असेल तर हवा अडकून कॉइल थंड राहते. पातळी ठीक होती. मग इंजिन चालू करून, पंखा व पट्ट्यापासून हात दूर ठेवून, रेडिएटरची वरची नळी चाचपली. बहुतेक गाड्यांत ती झडप उघडेपर्यंत थंड राहते. माझ्या गाडीत ती सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेली. दोष सापडला! हीटरची एक नळी गरम व दुसरी थंड असती, तर कॉइल तुंबली असे समजलो असतो. दोन्ही गरम असूनही वारा गार असता, तर दोष हवेच्या वाटेत शोधला असता.

छोटासा थर्मोस्टॅट बदलला आणि काम झाले.

शिक्षकांनी गॅरेजमधून जुना थर्मोस्टॅट आणावा, पातेल्यातील पाण्यात दोऱ्याने टांगावा, पाणी तापवावे आणि झडप किती अंशांवर उघडते ते तापमापीने पाहावे. एक पथ्य मात्र पाळाच: गरम इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आत दाबाखाली असलेले पाणी उसळून अंग भाजते.