चार का, एक का नाही?

(नागपूरच्या लकडगंजात लाकडाचं दुकान चालवणारा भाचा आणि शाळेत समुपदेशक म्हणून काम करून निवृत्त झालेली त्याची मावशी. विषय भाच्याच्या दहावीतल्या मुलाचा.)

भाचा : मावशी, आता तूच सांग. पोट्टा ट्यूशनला जायला तयार नाही. सकाळी उठवलं तर चिडते, रात्री मोबाईल काढून घेतला तर जेवणावर राग. मी रोज तास-तासभर समजावून राहिलो.

मावशी : त्या तासात तो किती बोलतो?

भाचा : तो काय बोलणार! ‘हो पप्पा’, ‘करतो ना’, नाही तर ‘तुम्हाला काही समजत नाही’.

मावशी : म्हणजे अभ्यास का करावा याची सगळी कारणं तूच बोलून टाकतोस. त्याच्या वाट्याला उरतात ती न करण्याची. आणि माणूस जी बाजू बोलत राहतो, तीच त्याला हळूहळू पटायला लागते.

भाचा : तसंच म्हण ना. रंधा उलटा मारला की लाकूड उखडते.

मावशी : तुझं लाकूड दुकानातच राहू दे. लाकूड हुज्जत घालत नाही, मुलगा घालतो. पंधराव्या वर्षी ‘माझं मी ठरवीन’ असं न म्हणणाऱ्या मुलाची मला जास्त काळजी वाटते. जॅक ब्रेम नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये हेच मांडलं होतं : निवडीचं स्वातंत्र्य कोणी हिरावतंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवायला उलट वागतो. कधी कधी स्वतःचं नुकसान करूनसुद्धा.

भाचा : मग सोडून देऊ? बोर्डाचं वर्ष आहे बाप्पा!

मावशी : सोडून दे कोण म्हणालं? विल्यम मिलर म्हणून एक संशोधक आहे, तो दारू सोडवण्याचं काम करायचा. त्या काळी तिथे रीत अशी, की रुग्णाला तोंडावर सुनवायचं, त्याचा नकार मोडून काढायचा. मिलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास छापला. समुपदेशक जितका अंगावर गेला, तितका रुग्ण वर्षभरानंतर जास्त पीत होता. मिलरचं म्हणणं असं, की विरोध हा त्या माणसाचा स्वभाव म्हणून बघू नका, तो दोघांच्या बोलण्यातून तयार होतो. बोलायची पद्धत बदला, विरोध कमी होतो. स्टीफन रोलनिकबरोबर त्यानं १९९१ मध्ये यावर पुस्तक लिहिलं. पुढे तीच पद्धत किशोरवयीन मुलांसाठीही वापरली जाऊ लागली.

भाचा : पोट्टं दारू पीत नाही, मावशी. गणित करत नाही.

मावशी : गणित करत नाही म्हणतोस, आणि रविवारी दुकानात कोण बसतं?

भाचा : तोच. माप सांगायला उशीर, घनफूट तोंडी काढून मोकळा. आठ फूट लांब, सहा इंच रुंद, तीन इंच जाड म्हटलं की लगेच ‘एक घनफूट’. लांबी फुटात, बाकी इंचात, गुणून एकशे चव्वेचाळीसनं भागायचं. आमच्या दिवाणजीला अजून कॅल्क्युलेटर लागते.

मावशी : हे त्याला कधी सांगितलंस?

भाचा : ...त्यात काय सांगायचं?

मावशी : एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांची प्रेरणेवरची मांडणी फार साधी आहे. माणसाला तीन गोष्टी लागतात. थोडं आपल्या मनानं वागता यावं, आपल्याला काही जमतं असं वाटावं, आणि आपलं माणूस आपल्या बाजूला असावं. दुकानात त्याला तिन्ही मिळतात. पुस्तक उघडलं की तिन्ही जातात. याला आळस म्हणायची घाई करू नकोस.

भाचा : मी तर आमिषपण दाखवलं. नव्वद टक्के आण, गाडी घेऊन देतो.

मावशी : लायसन्स कोण देणार त्याला, तू? ते असो. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं, चित्र काढलं की छान प्रमाणपत्र मिळेल. मिळालंही. पुढे वर्गात पुन्हा रंगीत पेनं ठेवली, तर हीच मुलं त्यांच्याकडे सगळ्यात कमी वळली. ज्यांना काही मिळालं नाही, किंवा अचानक मिळालं, त्यांची आवड शाबूत राहिली.

भाचा : अन् ‘झुंड’मध्ये? तिथे तर अमिताभ पोट्ट्यांना पैसे देऊनच खेळवते!

मावशी : सिनेमा आहे तो, नागराज मंजुळेचा. त्यातसुद्धा पुढे पैसे बंद होतात आणि मुलं तरी खेळतात, ते विसरलास. ज्यांच्यावरून तो केला, ते आपल्याच नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजातले तेव्हाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे. पावसात वस्तीतली मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. ‘हे काय चालवलंय’ असं ते म्हणाले नाहीत, त्यांनी फुटबॉल दिला. २००१ मध्ये त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. मुलं जे आधीच करत होती, तिथून त्यांनी सुरुवात केली. नावडत्या कामाला हात लावायला छोटं बक्षीस कधी कधी चालतं, नाही असं नाही. पण आठ महिन्यांनी मिळणाऱ्या गाडीसाठी आज संध्याकाळी भूमिती कोण उघडेल?

भाचा : त्याची आई दिव्या देशमुखचं उदाहरण देते. आपल्याच गावची, एकोणिसाव्या वर्षी बुद्धिबळातला महिलांचा वर्ल्ड कप आणला.

मावशी : २०२५ च्या जुलैत ती बातुमीहून जिंकून आली, तेव्हा नागपुरात किती पोरांनी तिच्या नावानं बोलणी खाल्ली असतील! त्या पोरीचा काय दोष? सूनबाईला म्हणावं, त्याच्या कालच्याशी त्याची तुलना कर, तेवढी पुरे.

भाचा : बरं. पण बोलू काय?

मावशी : त्याला विचार, ‘दहावीत बरे मार्क मिळावेत हे तुला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहात सांग.’ समज तो म्हणाला, ‘चार.’

भाचा : फक्त चार? मी विचारीन, दहा काहून नाही?

मावशी : झालं! मग तो सहा तक्रारी ऐकवेल. तू विचार, ‘चार का? एक का नाही?’ आता त्याला अभ्यासाच्या बाजूनं बोलावं लागेल. ‘मित्र सायन्सला जाताहेत’ म्हणेल, ‘पॉलिटेक्निकला जायचंय’ म्हणेल. काहीही असो, ते त्याचं कारण असेल. तू त्यावर भाषण जोडायचं नाही. त्याचंच वाक्य त्याला परत म्हणून दाखव आणि थांब.

भाचा : अन् मोबाईल?

मावशी : त्याची मर्यादा तुम्ही घाला, पण तो रागात नसताना आणि त्याला बसवून. घरात फोन किती वाजता बंद होणार हे तुम्ही ठरवा, आणि ते सगळ्यांना लागू, तुलासुद्धा. ट्यूशनच्या तीन विषयांतला कोणता सोडायचा, अभ्यास संध्याकाळी की जेवणानंतर, हे त्याला ठरवू दे. सकाळच्या चिडचिडीला तर मी फार मनावर घेत नाही. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप उशिरा येते आणि लागते मात्र आठ ते दहा तास. पहाटे पाचला उठवून कसला अभ्यास होणार?

भाचा : हे सगळं करूनही नाही बदलला तर?

मावशी : मग आधी नीट बघ. दोनेक आठवडे उलटले तरी आवडत्या गोष्टीतही मन नाही, मित्र तोडले, भूक-झोप पार बिघडली, ‘जगून काय करू’ असं काही बोलला, तर हे प्रश्नबिश्न बाजूला ठेवायचे आणि थेट डॉक्टरांकडे जायचं. १४४१६ वर टेलीमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा आहे, मराठीतही बोलतात. अक्षरं उलटसुलट होतात, वाचायलाच फार वेळ लागतो असं दिसलं, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घे. बोर्ड त्या मुलांना जादा वेळ देतं.

भाचा : रविवारी तर दुकानात हसतखेळत असते. तसं काही नाही वाटत. आज रात्रीच विचारतो.

मावशी : आज नको. आज तू ठरवून जाशील आणि तो ते दारातच ओळखेल. रविवारी दुकान बंद करताना विचार. एकमेकांच्या तोंडाकडे न बघता पोरं जास्त बोलतात.

भाचा : अन् तो ‘शून्य’ म्हणाला तर?

मावशी : तर विचार, ‘दोनपर्यंत यायला काय व्हावं लागेल?’ ‘माहीत नाही’ म्हणाला तर ‘बरं’ म्हण आणि शटर ओढ. चार दिवसांनी पुन्हा.

भाचा : चार दिवस मी राहीन गप्प. पण त्याची आई?

मावशी : तिला आधी विचार, ‘तो स्वतःहून अभ्यासाला बसेल यावर तुझा विश्वास किती, शून्य ते दहात?’

भाचा : ती म्हणेल, एक.

मावशी : मग विचार, शून्य का नाही?