फुली मारण्याआधी

देवळा,
रविवार

चि. ताईस,


परवा फोनवर तुझा आवाज दमलेला वाटला. तिसरीची अठ्ठावीस पोरं, प्रत्येकाच्या नोंदी, वर चाचण्या. "मावशी, शिकवू कधी आणि तपासू कधी?" असं विचारलंस. तेव्हा नुसतं हसून सोडून दिलं, पण प्रश्न खरा आहे. म्हणून सवडीने लिहिते.

तू पाठवलेले तीन वह्यांचे फोटो नीट पाहिले. गणित एकच, ४०३ वजा १५८. उत्तरं मात्र ३५५, ३४५ आणि २४६. तिघांनाही तू सारखीच लाल फुली मारलीस. आता पुन्हा बघ. पहिल्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढलाय, वर कोण अन् खाली कोण हे पाहिलेलंच नाही. त्याला काड्यांचे गठ्ठे सोडायला बसव. दुसऱ्याला गठ्ठा सोडता येतो, पण चारातलं एक शतक सोडलं हे तो शेवटी विसरला. तिसऱ्याला सगळं येतं, तेरातून आठ जाताना बोट चुकलं एवढंच. गुण तिघांना शून्य, औषधं मात्र तीन वेगळी. फुली मारलीस की तुझं काम संपतं. चूक वाचलीस की ते सुरू होतं.

२०१० साली आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, ते याचसाठी. पहिली-दुसरीला आकारिक, म्हणजे रोजच्या निरीक्षणाला, ७० टक्के आणि संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीला, ३०, तुझ्या तिसरीला ६० आणि ४०, पुढे सातवी-आठवीला ४० आणि ६०. मूल जितकं लहान, तितका रोजच्या पाहण्याला मान जास्त, हा त्यामागचा विचार. आपण मात्र त्याचे रकाने करून टाकले.

मीही केले. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळायची, त्यातलं 'गणितात रुची घेतो' हे वाक्य मी निम्म्या वर्गापुढे उतरवलं होतं. एकदा एक बाप कांद्याची गाडी खाली करून तसाच शाळेत आला आणि म्हणाला, "मॅडम, याले भागाकार येस का?" माझी नोंदवही उघडी होती आणि उत्तर त्यात नव्हतं. त्या दिवसापासून मी एकच नियम पाळला: नोंद अशी लिहायची की ती वाचून उद्या काय शिकवायचं ते कळावं. 'हातच्याची बेरीज जमते, मध्ये शून्य आलं की वजाबाकी अडते.' बस.

अठ्ठावीस जणांचं रोज लिहू नकोस. रोज सहा जणांकडे लक्ष दे, पाच दिवसांत वर्गाची फेरी पूर्ण होते.

तोंडी विचारायला कंटाळू नकोस. आपल्या मराठीत सत्तेचाळीस म्हणताना सात आधी येतो, म्हणून पोरगं ७४ लिहितं. एकोणसाठ ऐकून ६९ लिहितं. हा गोंधळ संख्येचा नाही, नावाचा आहे. मंगला नारळीकरांच्या समितीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात तेवीसला 'वीस तीन' अशी जोड दिली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! बाजू कोणतीही घे, पण अडचण खरी होती. शाब्दिक उदाहरणात पोरगं अडलं तर त्याला त्याच्या घरच्या अहिराणीतून विचार, "कितला ऱ्हायनात?" उत्तर आलं, तर त्याचं गणित पक्कं आहे, भाषा शिकवायची बाकी आहे.

रोजच्या वहीवर गुण देऊच नकोस, एक ओळ लिही. इस्रायलमध्ये रूथ बटलर यांनी १९८८ साली अभ्यास करून दाखवलं की नुसता शेरा मिळालेली मुलं सुधारली. गुण आणि शेरा दोन्ही मिळालेली मात्र नुसते गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. मूल आकडा बघतं आणि वही मिटतं, हे आपणही पाहतोच की.

याचा अर्थ लेखी परीक्षा वाईट, असं समजू नकोस. कोणी शेजारी नसताना, ठरल्या वेळेत, आपलं आपण मांडता यायलाच हवं. नियमांतल्या २०२३ च्या बदलानंतर पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत उत्तीर्ण व्हावं लागतं; नापास झालं तर पुन्हा एक संधी, तीही हुकली तर त्याच वर्गात. तुझी ही पोरं दोन वर्षांत तिथे पोचतील. कांदा किती भरला ते उमराण्याच्या बाजारातल्या काट्यावर कळतं, पण तो काटा पीक सुधारत नाही. त्यासाठी बांधावरून रोजची फेरीच लागते. काटाही हवा, फेरीही हवी.

उद्या शाळेत गेलीस की त्या तिघांना एकेक करून जवळ बोलाव आणि एवढंच विचार, "हे कसं केलंस, मला सांग." ते काय म्हणाले ते मला कळव. शाबासकी त्यावरच देईन.

तुझी,
मावशी