गीसाचा हात

चि. सायली,


तुझ्या कादंबरीची प्रकरणं वाचली. गरीब वस्तीतल्या पोरीच्या बोटांतून ठिणग्या उडायला लागल्या, तेव्हाच 'रेड क्वीन' ओळखू आली. त्यात गैर काही नाही, पण आता ते पुस्तक एकदा उसवून बघ.

व्हिक्टोरिया अव्हेयार्डची ती पहिलीच कादंबरी, 2015 ची. तांबड्या रक्ताच्यांनी राबायचं, रुपेरी रक्ताच्यांनी राज्य करायचं, कारण शक्ती फक्त रुपेरींच्या अंगात. मेअर ही तांबडी, खिसेकापू पोर साऱ्या सरदार घराण्यांच्या देखत विजेच्या कवचावर पडते आणि मरत नाही. इथून पुढचं मला फार आवडतं. राजा-राणी तिला संपवत नाहीत, खोटं कूळ देतात: मेलेल्या रुपेरी सेनापतीची हरवलेली लेक. वर धाकट्या राजपुत्राशी लग्नही ठरवतात. नियम खोटा पडला की माणसाचा जन्मच बदलून टाकायचा! ही चलाखी तुझ्या दरबारात कुठेच नाही. तुझा राजा नुसता ओरडतो.

पुढे मेअरसारखे आणखी शक्तिवंत तांबडे सापडत जातात आणि बंडाचा भार त्यांच्यावर पडतो. ते मला खटकतं. ज्याच्या अंगात काहीच नाही, त्याने न्याय मागायचाच नाही का? 1927 साली महाडला चवदार तळ्याकडे चालत गेलेल्यांच्या अंगात कसली वीज होती? बंडखोरांची फार्लीही साधी तांबडीच, आणि मला तरी तीच खरी पुढारी वाटते.

पण मला सगळ्यात लक्षात राहिली ती गीसा, मेअरची धाकटी बहीण. बाप लढाईत पाय गमावून घरी बसलेला, भाऊ सैन्यात ओढलेले. घराचा भरवसा काय तो तिच्या भरतकामावर. बहिणीसाठी ती एकदाच दुसऱ्याच्या खिशात हात घालते, पकडली जाते, आणि पहारेकरी बंदुकीच्या दस्त्याने तिचा कामाचा हात मोडतो. त्या घरावर काय कोसळलं, ते समजायला कुठली जादू लागत नाही.

तुझ्या नायिकेच्या घरात कमावतं कोण, कर्ज कुणाचं, आजारी पडलं तर मजुरी बुडते किती, हे आधी वहीत लिहून काढ. ठिणग्या दोन प्रकरणं पुढे ढकल. आणि तुझ्या राजपुत्राचे निळे डोळे एकदाच सांगितलेस तरी पुरे, मी सात ठिकाणी खुणा केल्यात.

दिवाळीला येताना वही आण.

तुझा,
मामा